नळ्यांत भुंगे बसतात, दुसऱ्या वर्षी खोकं रिकामं: बिघाड कुठं आहे ते कसं शोधायचं

पहिल्या वर्षी सगळं झकास होतं. वांग्याच्या परागीकरणासाठी काळे भुंगे बसावेत म्हणून शेतातल्या आखाड्याच्या (शेतघराच्या) वळचणीला खोक्यात बांबूच्या नळ्या बांधल्या. महाशिवरात्रीच्या आसपास भुंगे आले, नळ्यांच्या तोंडातून भुसा पडायला लागला, वांग्याला फळ धरलं. घरात सगळ्यांना वाटलं, आता आपल्याला मार्ग सापडला. दुसऱ्या वर्षी त्याच नळ्या, तेच खोकं, पण भुंगा एकही टिकला नाही. माझ्याकडे हे लागोपाठ दोनदा झालं. मंठ्याच्या आणि सेलूच्या ओळखीच्या दोघांनी करून बघितलं, त्यांचीही तीच रड. त्यामुळं जे शोधलं, चुकलो आणि सुधारलं ते सगळं एकदाच लिहून टाकतो.

आधी एक खुलासा. इथं भुंगा म्हणजे लाकूड पोखरणारा, अंगानं काळा आणि उन्हात पंख निळे-जांभळे चमकणारा. गोठ्याच्या वाशाला बोटभर भोक पाडून बसतो तो. हुमणीचा भुंगेरा वेगळा, नारळावरचा गेंड्या भुंगा वेगळा. शास्त्रात याच्या प्रजातीला (जीनस) झायलोकोपा म्हणतात. ही माशीच आहे, पण पोळं न करणारी, आपापली नळी घेऊन राहणारी.

भुंग्यांच्या मागं मी का लागलो ते सांगतो. परतूर तालुक्यात माझं 10 गुंठ्यांचं इन्सेक्ट नेट आहे. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला कंटाळून काटेरी वांगी जाळीत घेतली. अळी थांबली, फवारे कमी झाले, पण फूल पिवळं पडून देठासकट गळायला लागलं. फूलगळीचं म्हणून जे जे दुकानात मिळालं ते मारलं. मग मधमाशीच्या दोन पेट्या भाड्यानं आणून आत ठेवल्या. माश्या सकाळपासून जाळीच्या छताला चिकटून भुणभुण करायच्या आणि दुपारी खाली पडायच्या. पेटीवाल्यानं चौथ्या दिवशी पेट्या उचलून नेल्या, आणि त्यानं बरोबरच केलं.

तेवढ्यात पुतण्यानं मोबाइल पुढं धरला. "काका, हे बघा. टोमॅटोच्या ग्रीनहाऊसमध्ये पुठ्ठ्याची पेटी ठेवतात, त्यातून केसाळ माश्या निघतात. हीच मागवू ना आपण."

मागवू नये. कारण थोडक्यात सांगतो, कारण हा व्हिडिओ आता प्रत्येक पुतण्याकडे आहे. त्या पिवळ्या पट्ट्यांच्या माशीला बंबलबी म्हणतात. 1985 च्या सुमारास बेल्जियममधले पशुवैद्य रोलांड डी योंघे यांच्या लक्षात आलं की ही माशी हरितगृहातल्या टोमॅटोवर फार चांगलं काम करते. 1987 पासून तिच्या वसाहती तयार करून विकायला सुरुवात झाली. त्याआधी तिकडं माणसं एकेक घोस यंत्रानं हलवत फिरायची. तिची पैदास म्हणजे पूर्ण बंद खोलीतला उद्योग आहे. राणीला 28 ते 30 अंश तापमानाच्या अंधाऱ्या खोलीत, लहानशा डबीत, साखरेचा पाक आणि पराग देऊन ठेवायचं. एकटी राणी पटकन अंडी घालत नाही, म्हणून सोबतीला कामकरी माश्या सोडायच्या. पुढच्या राण्यांचं मीलन झालं की त्यांना 4-5 अंशांच्या थंडाव्यात दोन-तीन महिने झोपवून ठेवायचं. गारठ्याच्या मुलखातला हा जीव आहे. पारा तिशीच्या बराच पुढं गेला की कामकरी माश्या फुलं सोडून घरट्याच्या तोंडाशी पंखानं वारा घालत उभ्या राहतात. आपल्याकडे मे महिन्यात 42-43 अंश म्हणजे नेहमीचंच. भारतात बंबलबी आहेत, पण हिमालयात. हिमाचलात सोलनजवळ नौणीच्या डॉ. यशवंतसिंह परमार विद्यापीठात तिथल्याच एका जातीला बंदिस्त जागेत वाढवण्याचं काम झालेलं आहे. ते त्या थंड हवेचं काम.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चिलीत 1990 च्या दशकाच्या अखेरीस युरोपातला बंबलबी परागीकरणासाठी आणला. तो सुटला, पसरला, 2006 पर्यंत अँडीज ओलांडून अर्जेंटिनात पोहोचला आणि तिथला मूळचा मोठा नारिंगी बंबलबी झपाट्यानं घटला. जपाननं त्याच 2006 साली या पाहुण्याला उपद्रवी परकीय जात ठरवून बंधनं घातली. गाजरगवताचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

मग भुंगाच का? वांगं आणि टोमॅटो यांचे पुंकेसर बाकी फुलांसारखे उघडत नाहीत. त्यांच्या टोकाला बारीक छिद्र असतं आणि पराग आत कोंडलेला असतो. मिठाची भोकाची डबी उलटी करून हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसंच. भुंगा फुलाला मिठी मारून पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, बारीक 'झ्झ्' आवाज येतो आणि पराग त्याच्या पोटावर सांडतो. मधमाशीला हे जमत नाही. म्हणून तुमच्या मधाच्या पेट्या कांद्याच्या गोंड्यावर, सूर्यफुलावर सोन्यासारख्या, पण वांग्याच्या जाळीत बिनकामाच्या. आपला काळा भुंगा हे काम जन्मतः करतो आणि त्याला उन्हाचं वावडं नाही.

एक इशारा इथंच देतो, नंतर राहून जाईल. जालन्याकडं बीजोत्पादनाच्या शेडनेटमध्ये बाया हातानं क्रॉसिंग करतात, तिथं भुंगा चुकूनही जाऊ देऊ नका. एका भुंग्यानं एका सकाळी केलेली भेसळ अख्ख्या प्लॉटला नापास करेल. हा सगळा उद्योग फळाच्या भाजीसाठी आहे, बियाण्यासाठी नाही.

आधी नळी चिरा

खोकं रिकामं दिसलं की आपण लगेच म्हणतो, "उडून गेले." कुठून उडाले, कधी उडाले, मुळात पिल्लं निघाली का, हे कळल्याशिवाय उपाय नाही. त्यासाठी जुनी नळी उभी चिरावी लागते. मला दोन वर्षं हे सुचलंच नाही. मी नुसताच बाहेरून काडी घालून बघायचो.

एक नळी घ्या, विळ्याची धार तोंडावर ठेवून वरून हलकासा ठोका द्या. बांबू सरळ उकलतो. चांगली गेलेली नळी आतून अशी दिसते: बोटाच्या पेरापेरासारखे एकापुढं एक कप्पे, मध्ये भुशाची घट्ट चकती, चकतीवर गोल फिरत गेलेल्या रेघा. प्रत्येक कप्प्यात पिवळा, लाडवासारखा परागाचा गोळा आणि त्यावर एक पांढरं, किंचित वाकलेलं लांबट अंडं. कीटकांमधल्या सगळ्यात मोठ्या अंड्यांत याची गणती होते, पहिल्यांदा बघितलं तर अळीच वाटेल. एका नळीत सहा-सात कप्पे, फार तर आठ. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण दीड महिना. म्हणजे बंबलबीच्या पेटीतून शेकड्यांनी माश्या निघतात, तशी फौज इथं मिळणार नाही. ही अपेक्षा आधीच सोडा, नाहीतर चांगलं चाललेलंही फसल्यासारखं वाटेल.

आता बिघाड. चकत्यांना मधोमध भोक पडलेलं, कप्पे रिकामे, तळाला थोडी काळी विष्ठा: म्हणजे पिल्लं धडधाकट निघून गेली. तुमची नळी पास आहे, गडबड पुढं झाली. गोळा वाळून कडक, त्यावर अळी काळी पडून चामड्यासारखी: उष्णता. गोळ्यावर पांढरी-हिरवी बुरशी आणि आंबूस वास: नळीत पाऊस गेला. अळीचं नुसतं फुगीर कातडं, आणि त्यात तिळाएवढे डझनावारी कोष: परजीवी माशी, ती नळी जाळा. परागाचे गोळे गायब आणि चकत्या कुरतडलेल्या: मुंगळे. एकदा मला कप्प्यात भुंग्याऐवजी नारिंगी रंगाचा थोराड भुंगेरा बसलेला सापडला. तो याच घरट्यांवर जगणारा घरघुशा, त्याची अळी भुंग्याच्या पिल्लाचा घास खाते.

भुसाही वाचता येतो. भुंग्याचा भुसा जाडसर, करवतीच्या भुशासारखा, आणि एकाच तोंडाखाली ढीग. नळीवर जागोजागी टाचणीएवढी भोकं आणि मैद्यासारखी पावडर पडत असेल तर तो घुण आहे. ओल्या बांबूतल्या पिठाळ अंशावर घुण येतो. बांबू तोडल्यावर तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून, मग सावलीत वाळवून घेतला तर हा त्रास फार कमी होतो. आमच्याकडे जुनी माणसं माळवदाच्या वाशांनाही असंच करायची.

मोठ्या भुंग्यांच्या काही जातींत मादीच्या पोटाच्या पुढच्या बाजूला एक लहानशी पोकळी असते आणि तिच्यात गोचिडीसारखे किडे भरलेले दिसतात. ते बघून सेलूच्या मित्रानं घाबरून नळ्यांवर औषध मारलं. ते किडे त्या भुंग्याचे जन्माचे सोबती, मादी स्वतः त्यांना घेऊन फिरते. त्यांना हात लावू नका.

मी माझ्या अकरा नळ्या चिरल्या. आठ नळ्या पास निघाल्या. म्हणजे पिल्लं झाली होती, बाहेरही पडली होती. त्या आठांत मेलेलं काहीच नव्हतं. गेली होती ती राहायची इच्छा.

खरं कारण: वांग्याच्या फुलात मध नसतो

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोन हंगाम वाचले असते. वांगं आणि टोमॅटो यांच्या फुलांत पराग असतो, पण मधुरस नसतो. भुंगा तिथून पिल्लांसाठी पराग नेतो. स्वतःच्या उडण्याची ताकद त्याला दुसऱ्या फुलांतून आणावी लागते. परदेशातल्या बंबलबीच्या पेटीत तळाला साखरेच्या पाकाची पिशवी असते ती यासाठीच. व्हिडिओत ती दिसत नाही.

मी काय केलं होतं? दुसऱ्या वर्षी हौसेनं खोकंच जाळीच्या आत नेऊन टांगलं, की भुंगे बाहेर जायलाच नकोत. चार-पाच दिवस माद्या वांग्यावर फिरल्या. मग त्याही छताच्या कोपऱ्यात डोकं आपटायला लागल्या. बशीत साखरेचं पाणी ठेवलं तर त्यावर आधी मुंगळे आले. भुंग्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आठवड्यात पाच मेलेल्या मी सरीतून उचलल्या. पोट हाताला अगदी हलकं, रिकाम्या शेंगेसारखं.

मंठ्याच्या मित्राचं खोकं बाहेर होतं, तरी त्याचंही रिकामंच. त्याच्या शेतात गेलो आणि धुरा (शेताचा बांध) बघितला. तणनाशक मारून टकाटक केलेला, एक गवताची काडी नाही. चारी बाजूंना सोयाबीन काढलेलं रान. वांगं संपलं की मैलभर फूल नव्हतं. पिल्लं निघाली, आईनं थोडे दिवस भरवलं (ही आई पंख फुटलेल्या पिल्लांनाही भरवते), आणि मग सगळी जिथं खायला मिळेल तिथं गेली. त्यात त्यांचं काय चुकलं?

म्हणून दुरुस्तीचं पहिलं काम खोक्याचं नाही, धुऱ्याचं. भुंग्याला मोठं, दणकट, भरपूर रसाचं किंवा परागाचं फूल लागतं, आणि ते वर्षातून जितके महिने मिळेल तितकं चांगलं. मी जे पाहून ठेवलंय ते असं. माघ-फाल्गुनात गिरिपुष्प आणि शेवगा. शेवग्यावर तर सकाळी भुंगा हमखास. चैत्रात करंज. मे महिन्यात बहावा, आणि सगळं करपलेलं असताना रुई. रुईचा पराग साधा नसतो, गठ्ठ्यात बांधलेला असतो, तो ओढून काढायला भुंग्यासारखाच धिप्पाड पाहुणा लागतो. म्हणून दोघांची जुनी सोयरीक. पावसाळ्यात दोडका-गिलक्यांचे वेल. पोळ्याच्या आसपास ताग फुलतो. पाऊस ओसरल्यावर तरवड. तरवडाच्या फुलात वांग्यासारखाच कोंडलेला पराग असतो, तिथं भुंग्यांची तालीमच चालते म्हणा ना. आणि थंडीच्या तोंडावर तूर, ती तर आपल्या मराठवाड्यात सगळीकडे आहे.

या यादीतलं विकत घ्यावं लागेल असं जवळपास काही नाही. रुई आणि तरवड तर फक्त उपटायचे थांबवायचे. मी उत्तरेकडच्या धुऱ्यावर गिरिपुष्पाच्या काड्या खोवल्या, विहिरीजवळ शेवग्याची चार झाडं लावली, आणि तागाच्या दोन ओळी जाळीच्या कडेला हिरवळीच्या खतासाठी म्हणून पेरल्या, पण गाडल्या उशिरा, फुलं येऊन गेल्यावर. सालगड्याला रुई न तोडायला सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मालकाचं काहीतरी बिनसलंय.

आणि खोकं जाळीच्या बाहेर. मग भुंगा आत कसा जाणार? मी जाळीचे पूर्वेकडचे आणि दक्षिणेकडचे पडदे सकाळी साडेसहाला वर करतो आणि दहा-साडेदहाला खाली सोडतो. वांग्याच्या अळीचा पतंग रात्रीचा फिरतो, त्यामुळं सकाळी पडदा उघडला म्हणून तो आत येत नाही. पांढरी माशी आणि फुलकिडे मात्र येतात, हे मान्य करायला पाहिजे. त्यासाठी पडद्यालगत पिवळे-निळे चिकट सापळे दाटीनं लावले. थोडा किडा वाढला, पण फळ धरलं. मला हा सौदा परवडला. तुमच्याकडे पर्णगुच्छ रोगाचा त्रास असेल किंवा टोमॅटोवर विषाणू असेल तर दोनदा विचार करा. तिथं पडदा बंदच ठेवून हातानं फूल हलवलेलं बरं.

दुसरं कारण: जुन्याच नळ्या

धुरा सुधारला आणि पुढच्या वर्षी भुंगे आले, पण मोजकेच. तेव्हा समोर बसून बघितलं. एका जुन्या नळीच्या तोंडाशी एक मादी ठाण मांडून बसलेली, दुसरी आली की शेपटाकडचा भाग बाहेर काढून वाट अडवायची. जुनं घर सहसा एकीलाच मिळतं. बाकीच्या बहिणींना नवी जागा लागते, आणि मी एकही नवी नळी बांधली नव्हती. आमच्याकडे वाटणीत घर एका भावाला जातं आणि बाकीचे गावाबाहेर टिनपत्रे टाकतात, त्यातलाच प्रकार.

तेव्हापासून जुन्या नळ्या आहेत तिथंच ठेवतो आणि पौष संपता संपता त्यांच्या शेजारी दुप्पट नव्या बांधतो. बांबूचं आतलं पोकळ 10 ते 14 मिलिमीटर, म्हणजे आपली करंगळी जेमतेम आत जाईल इतकं. लांबी वीतभर. मागचं टोक पेरानं बंद, पुढचं मोकळं. दोन्हीकडून आरपार नळी कुणी घेत नाही. मोठ्या जातीचा भुंगा बांबूत येत नाही, त्याला वाळलेलं मऊ लाकूड लागतं. शेवग्याचं किंवा पांगाऱ्याचं वाळकं खोड आडवं टांगून त्यावर इंचभर खोल एक भोक ड्रिलनं सुरू करून दिलं, की पुढचं काम तो स्वतः करतो. रंग, वार्निश, वाळवीचं औषध लावलेलं लाकूड नको. तुराट्यांचे भारे उपयोगाचे नाहीत, त्या भरीव असतात. मी बांधून पाहिलेत.

बुरशीच्या किंवा परजीवी लागलेल्या नळ्या मात्र दयामाया न करता चुलीत.

जागा, ऊन, मुंग्या

माझं पहिलं खोकं पश्चिमेकडं तोंड करून होतं, कारण तिथं खिळा होता. एप्रिलमध्ये दुपारी चारला नळीत थर्मामीटर सरकवला तर 46 दाखवायला लागला. तोंड पूर्वेकडं किंवा आग्नेयेकडं ठेवा. सकाळचं कोवळं ऊन लागलं की भुंगा लवकर बाहेर पडतो, आणि अकरानंतर तिथं सावली पाहिजे. वर पत्रा असेल तर त्यावर पऱ्हाटीचा थर टाका. नळ्या तोंडाकडं किंचित उतरत्या, म्हणजे मृगाचा तिरपा पाऊस आत साचत नाही. जमिनीपासून छातीएवढी उंची पुरे.

खोकं टांगलं असेल तर तारेवर, उभं केलं असेल तर पायांवर, जळक्या ऑइलचा चिंधीचा पट्टा गुंडाळा आणि दर पंधरा दिवसांनी ओला करा. मुंगळ्यांवर दुसरा उपाय मला सापडला नाही. सुतार पक्षी नळ्या फोडतो, त्यासाठी पुढं वीतभर अंतरावर कोंबडीची जाळी. भुंगा तिच्यातून आरामात जातो.

जागा बदलायची तर रात्री, तोंडात कापसाचा बोळा घालून. दिवसा हलवली तर बाहेर गेलेल्या माद्या जुन्या जागी येऊन हवेत घिरट्या घालत बसतात. शेजारच्या वावरात हलवणं सगळ्यात वाईट, त्यांना जुनी जागा आठवते.

फवारणीचं एकच सांगतो, बाकी तुम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळी मारलं तर निम्मा प्रश्न सुटतो, पण इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही औषधं संध्याकाळी मारली तरी झाडात भिनून परागापर्यंत जातात. युरोपीय संघानं 2018 मध्ये ही दोन आणि क्लोथियानिडिन उघड्या रानात वापरायला बंद केली ती मधमाश्या आणि इतर माश्यांच्या काळजीनंच. मी फुलोऱ्यात ती वापरत नाही. रोपवाटिकेत वापरतो, खोटं कशाला बोलू.

भुंगे आहेत, तरी फळ नाही?

मग दोष भुंग्याचा नसेल. वांग्याचं फूल उलटं करून बघा. मधली हिरवी काडी पुंकेसरांच्या वर डोकावत असेल तर ते फूल धरणार. काडी आखूड, आत दडलेली असेल तर ते फूल बहुधा गळणारच, कितीही भुंगे बसोत. झाड उपाशी किंवा जुनं झालं की आखूड काडीची फुलं वाढतात. तिथं खत-पाणी बघा. टोमॅटोत दिवसाचं तापमान 35 च्या वर आणि रात्रही उबदार राहायला लागली की परागच निकामी होतो. एप्रिलच्या अखेरीस टोमॅटो धरत नाही म्हणून भुंग्यांना शिव्या देऊ नका.

भुंगा फुलावर येऊन गेला का, हे टोमॅटोत ओळखणं सोपं आहे. त्यानं जबड्यानं धरलेल्या जागी फुलातल्या पुंकेसरांच्या पिवळ्या नळीवर काही तासांत तपकिरी ओरखडा उमटतो. दहा फुलं बघा, सात-आठांवर खूण असली की काम चोख चाललंय. तोवर, म्हणजे भुंगे बसेपर्यंतच्या हंगामात, सकाळी नऊ ते अकरा या वेळेत बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या टूथब्रशची मागची बाजू फुलाच्या देठाला टेकवत जा. माझ्या आईनं आणि बायकोनं एक अख्खा महिना हे केलं. आई म्हणायची, "लेका, तुझ्या वांग्याचे दात घासायची येळ आली माझ्यावर."

माणसाच्या तोंडासमोर येऊन तरंगणारा, अंगावर येतोय असं वाटणारा भुंगा बहुतेक नर असतो. त्याला नांगीच नाही. काही जातींत नर चक्क पिवळट असतो, त्याला वेगळाच कीटक समजून चप्पल मारू नका. मादीला नांगी आहे, पण मुठीत धरल्याशिवाय ती डसत नाही. मी दोनदा धरली, दोनदा कळलं.

औंदा माझ्याकडे तीन खोक्यांत मिळून साठ नळ्या आहेत. त्यातल्या तेवीस नळ्यांखाली जाड भुसा पडतोय, म्हणजे गेल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट. तिसऱ्या खोक्यात मात्र एकही मादी टिकत नाही. जागा तीच, ऊन तेच, बांबूही एकाच काठीचे. परवा रात्री बॅटरी घेऊन गेलो तर खोक्याच्या मागं एक जाडजूड पाल चिकटलेली. तिला हाकललं की ती आखाड्याच्या आढ्यात जाते आणि सकाळी परत येते. पुढच्या अमावास्येला ते खोकं रात्री उचलून विहिरीच्या बाजूला, शेवग्याखाली, एकट्या लोखंडी पाइपवर उभं करणार आहे, ऑइलच्या चिंधीसकट. पाइपवर पाल चढते का, ते बघायचं.